कॉम्प्रेसरशेजारची खुर्ची

शाल्मलीने चौतिसाव्या वर्षी एम.टेक.ला प्रवेश घेतला, तेव्हा नागपूरहून आईने फोनवर विचारलं, "आता पुन्हा कशाला शिकून राहिली तू?"

तिने "असंच" म्हणून विषय बदलला. राजसला बेंगळुरूची नोकरी मिळाली म्हणून ती नागपुरातली पॉलिटेक्निकची नोकरी सोडून इथे आली होती. बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये राजस आतल्या खोलीत दार लावून काम करायचा आणि दाराबाहेर ती एकटी असायची. भाजीवाल्याशी "स्वल्प कम्मी माडी", म्हणजे थोडं कमी करा, आणि वॉचमनशी "सरी", म्हणजे बरं, एवढंच काय ते दिवसभराचं बोलणं. कुठेतरी जायला हवं, चार माणसांत बसायला हवं, हे खरं कारण होतं. पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

कॉलेजात व्याख्यानं थोडी आणि गटाने करायची कामं जास्त होती. खऱ्या कारखान्यातलं खरं यंत्र घ्यायचं, त्याला सेन्सर लावायचा, बिघाड आधी ओळखता येतो का ते पाहायचं. शाल्मलीच्या गटात रघुपती, मनस्विनी आणि श्रीकांत होते. तिघंही नुकतीच पदवी घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी तिघांनी तिला खुर्ची दिली आणि "मॅम" म्हणायला सुरुवात केली. आपापसात तिघं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत, एकमेकांच्या डब्यातलं खात. शाल्मली आली की आवाज खाली यायचे, पाय टेबलावरून उतरायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. उलट तिघंही फार चांगली वागत होती, आणि त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

"मॅम, तुम्ही रिपोर्ट लिहा," रघुपती म्हणाला. "तुम्हाला घरचंही असतं. हार्डवेअर आम्ही बघतो."

"मला सोल्डरिंग करून बघायचंय," शाल्मली म्हणाली. तिने वर्षानुवर्षं फळ्यावर सर्किटं काढून शिकवली होती, पण तिकडे जोडाजोडीचं काम प्रयोगशाळेतले सहायक करत.

"मॅम, तुम्ही कशाला त्रास घेता?" मनस्विनी हसून म्हणाली, आणि विषय संपला.

पुढे कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या. तिघंही इस्त्रीचे शर्ट घालून धावपळ करू लागली आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्याचा कॉम्प्रेसर गटाने निवडला होता, तिथे जाऊन बसायला कुणी उरलं नाही. शाल्मली म्हणाली, "मी जाते." तिघांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव इतका स्पष्ट उमटला, की तिला हसू आलं.

बनशंकरीहून मेट्रो थेट पीण्याला जायची. कारखाना लहानसाच होता, मोटारींचे सुटे भाग करणारा. मालक उमाजीराव साठीचे होते. कामगार त्यांना अण्णा म्हणत. तिचं नाव ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी काय तुम्ही?" आणि ती हो म्हणताच स्वतःच मराठीत बोलू लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता आणि मध्येच कानडी शब्द यायचे. काही वाक्यं शाल्मलीला दोनदा ऐकावी लागली. तरीही घराबाहेर कुणीतरी आपल्या भाषेत आपल्याशी बोलत होतं.

"अक्का, इथं आवाज फार," उमाजीराव म्हणाले. "बसायला जमतंय का बघा." त्यांनी कॉम्प्रेसरशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवून दिली.

दुसऱ्याच खेपेला सेन्सरची तार तुटली. तिने रघुपतीला फोन लावला, मग मनस्विनीला, मग श्रीकांतला. कुणीच उचलला नाही. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर कॉम्प्रेसरची थरथर दाखवणारी रेघ सपाट पडली होती. शेवटी तिने पिशवीतली गटाची सोल्डरिंग गन काढली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसली. पहिल्यांदा बोट भाजलं. दुसऱ्यांदा जोड बसला, पण ओढून पाहताच सुटला. धातू नीट तापलाच नव्हता. पुन्हा केला. मग रेघ थरथरली, वर चढली, आणि शाल्मलीने आजूबाजूला पाहिलं. हे दाखवायला कुणी नव्हतं. कामगार आपापल्या यंत्रांवर वाकले होते. तिने भाजलेलं बोट नळाखाली धरलं आणि परत खुर्चीवर येऊन बसली.

त्यानंतर ती वरचेवर जाऊ लागली. सेन्सर चिकटवायचा चुंबक तेलकट रंगावरून घसरतो, म्हणून तिने कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवरची जागा खरवडून साफ केली. कोणता आवाज कशाचा, ते कळू लागलं. मधूनमधून रेघ एकदम उसळायची. गटाच्या प्रोग्रॅमने त्याला 'बेअरिंग खराब' असं नाव दिलं होतं. पण ती तिथे बसलेली असायची, तिच्या पायांना जमीन हादरलेली कळायची. भिंतीपलीकडच्या कारखान्यात पत्रे ठोकणारा मोठा प्रेस चालू झाला की रेघ उसळे, प्रेस थांबला की खाली येई. उमाजीरावांना विनंती करून तिने थोडा वेळ कॉम्प्रेसर बंद ठेवला, तरीही पलीकडच्या प्रेसबरोबर रेघ उसळलीच. तिने हे सगळं गटाच्या व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं. तिघांचेही अंगठे आले.

सादरीकरणाच्या दिवशी रघुपती छान बोलला. पडद्यावर उसळलेली रेघ दाखवून म्हणाला, "इथे बेअरिंगचा दोष सुरुवातीलाच पकडला गेला."

शाल्मली दचकली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "दोष होता, तर मग रेघ परत खाली कशी आली?"

रघुपतीने मनस्विनीकडे पाहिलं. मनस्विनीने पडद्याकडे. शाल्मली गप्प राहिली असती तर गटाची एकजूट दिसली असती, हे तिला कळत होतं. पण त्या खुर्चीत बसून तिने जे पायांनी ओळखलं होतं, ते खोटं पाडणं तिला जमेना.

"तो दोष नाही," ती म्हणाली. "शेजारच्या प्रेसचा हादरा आहे. कॉम्प्रेसर बंद ठेवूनही पाहिलंय. बेअरिंग चांगलं आहे."

परीक्षक बाईंनी मग तिलाच बरंच विचारलं. ती उत्तरं देत गेली. बोलताना आपला आवाज तिला परका वाटत होता. कित्येक महिन्यांत ती एका दमात इतकं बोललीच नव्हती.

गुण चांगले मिळाले. बाहेर आल्यावर रघुपती म्हणाला, "मॅम, आधी सांगायला हवं होतंत."

"लिहिलं होतं."

त्याने फोन काढून गटावरचे निरोप मागे सरकवत नेले, थांबला, वाचलं. त्याचे कान लाल झाले. "सॉरी मॅम. खरंच सॉरी." मग जरा वेळाने, "आम्ही मल्लेश्वरमला डोसा खायला चाललोय. तुम्ही याल?"

त्याला मनापासून ती यायला हवी होती की नाही, कोण जाणे. शाल्मलीला जायचं होतं. पण तोंडातून सवयीने निघून गेलं, "नको, घरी काम आहे." तिघं मान हलवून गेली. घरी काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सेन्सर काढून आणायला पीण्याला गेली. उमाजीराव गिऱ्हाइकाशी फोनवर वाद घालत होते. त्यांनी हातानेच 'घ्या काढून' अशी खूण केली. तिने तारा गुंडाळल्या. ती निघेपर्यंत खुर्चीवर कुणीतरी खोकी ठेवली होती. फोन झाल्यावर उमाजीराव दारापर्यंत आले.

"संपलं काय अक्का काम?"

"संपलं अण्णा."

"सरी," ते म्हणाले. अजून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

घरी राजसच्या खोलीचं दार बंद होतं. तिने जेवणाच्या टेबलावर सेन्सर मांडला, लॅपटॉप उघडला. राजस पाणी प्यायला बाहेर आला. "हे काय?"

"बेअरिंगची थरथर मोजतो हा. म्हणजे, यंत्र बिघडायच्या आधीच..." ती सांगू लागली. तो टेबलाला टेकून खरंच ऐकत होता. मग आतून रिंग वाजली. "दोन मिनिटं," म्हणून तो गेला, आणि दार लागलं.

ती थोडा वेळ थांबली. मग उठून तिने सेन्सर फ्रिजच्या मागच्या बाजूला, खाली कॉम्प्रेसरपाशी चिकटवला आणि फरशीवरच मांडी घालून लॅपटॉपपुढे बसली. फ्रिज गुरगुरला, तशी रेघ हलली, बारीक, एकसारखी. तिने ती बराच वेळ निरखून पाहिली. कुठेही उसळी नव्हती. फ्रिज अगदी ठणठणीत होता.