पालथा कप

पुरुषांना एकदा नियम मिळाला की ते अक्कल गहाण टाकतात. आमच्या कॉफीहाउसच्या गल्ल्यावर बसून मी एवढंच शिकले.

खिडकीजवळचं टेबल तिघांचं. घड्याळं दुरुस्त करणारे अण्णा, रिटायर्ड कंपाउंडर आणि एक शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. रोज सकाळी यायचे आणि अख्खं कॉफीहाउस डोक्यावर घ्यायचे. सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा. तिघांचा मिळून एक नियम होता. ज्याला राग आलाय त्याने आपला कप बशीत पालथा घालायचा. मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, समजूत काढायची नाही. राग गेला की तो आपणच कप सुलटा करणार. कितीतरी भांडणं त्यामुळे टळली, ते मी नाकारत नाही.

एके सकाळी मास्तरांनी आल्या आल्या कप पालथा घातला. आदल्याच दिवशी अण्णांनी त्यांची फिरकी घेतली होती, "मास्तर, तुम्ही शिवलेल्या पँटीचा एक पाय नेहमी लंगडा!" झालं. "फुगलेत," अण्णा डोळा मिचकावून कंपाउंडरच्या कानात म्हणाले आणि त्यांच्याशीच गप्पा मारत बसले.

पुढेही रोज कप पालथाच. मला काही राहवेना. "अहो, रागावलेला माणूस रोज कशाला येईल मरायला?" मी आमच्या ह्यांना म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस. त्यांचं ते बघतील."

मास्तर बिचारे एकदा अण्णांच्या तोंडाकडे बघायचे, एकदा कंपाउंडरच्या, आणि उठून जायचे. मग यायचेच बंद झाले.

एक दिवस त्यांची मुलगी आली. "बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. कायमचा."

अण्णांनी तिला बसायला खुर्ची पुढे केली.

"डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती हो. कुणी ओतू नये म्हणून ते कप पालथा घालायचे. तुमचा नियम त्या काळजीत त्यांच्या डोक्यातच नव्हता. तुम्ही बोलेनात, त्यांना वाटलं, आजाराचं कळलंय आणि तुम्ही टाळताय, म्हणून आपण होऊन तेही बोलले नाहीत. आवाज आहे तोवर तुमच्याशी पोटभर बोलून घ्यायचं होतं त्यांना."

पोरगी चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच सांगत होती.

"अगं, एका शब्दाने विचारायला काय झालं होतं आम्हाला!" म्हणत अण्णा सगळ्यांसमोर रडले. मलाही वाटलं, आग लागो त्या नियमाला.

आता मास्तर पुन्हा येतात, गळ्याला मफलर गुंडाळून. कॉफी चालते त्यांना. अण्णा स्वतःच्या हाताने त्यांचा कप भरतात आणि रोज तेच म्हणतात, "मास्तर, शिव्या घाला मला. घाला ना हो."

मास्तर हसतात, ओठ हलवतात. कंपाउंडर कान त्यांच्या तोंडाशी नेतात. बाहेरच्या गाड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.