होन्नकेरेच्या बोटीचा शाफ्ट

कुठे काही बिघडलंय असं कानावर आलं की विद्याधररावांच्या चेहऱ्यावर जी तुकतुकी यायची, ती ताटात पुरणपोळी पडली तरी यायची नाही. सरकारी कारखान्यात उभा जन्म गेला त्यांचा, मोठमोठ्या पंपांचे आणि मोटारींचे शाफ्ट एका रेषेत बसवण्यात. सांगलीहून बेंगळुरूला आले ते त्याच नोकरीसाठी. निवृत्त होऊन सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा बिघडायला घरात एक मिक्सर उरला होता, आणि तो मेला काही केल्या बिघडत नव्हता.

बिघडला तो प्रतिमाबाईंचा गुडघा.

प्रतिमाबाई माहेरच्या बेळगावच्या. बोलताना मध्येच 'बरं'ला 'सरी' आणि 'जरा'ला 'स्वल्प', आणि पायाला भिंगरी. सोसायटीच्या मागे होन्नकेरे नावाचं मोठं तळं आहे. सकाळी त्या तळ्याभोवती चालून आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगून टाकलं, झीज झालीय, लांबचं चालणं बंद. घरातल्या घरात फिरा. बाई बिचाऱ्या फिरल्या, हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये. "मी काय प्राणिसंग्रहालयात आहे का हो?" असं एकदा म्हणाल्या, आणि मग फिरायच्याच थांबल्या. पुढे पुढे तर बोलायच्याही कमी झाल्या. विद्याधररावांना हे मात्र सोसेना. बायको बडबडते म्हणून कुरकुर करणाऱ्या माणसाला ती गप्प बसली की घर खायला उठतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर देव करो आणि न कळो.

त्यांना प्रतिमाबाईंना पुन्हा त्या तळ्याभोवती फिरवून आणायचं होतं. पाय नाही तर नाही. तळ्यावर बोट होती ना!

रहिवाशांच्या समितीने जलपर्णी ओढून काढायला ती जुनी डिझेलची बोट घेतली होती, पण सुरू केली की अशी थरथरायची की बसणाऱ्याने रामरक्षाच म्हणावी. म्हणून ती धक्क्याला बांधून ठेवलेली. समितीच्या प्रमुख धनलक्ष्मी, बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबी पण दिलदार बाई. "सर, तुम्ही दुरुस्त करा आणि मॅडमना हवं तेवढं फिरवा," त्या म्हणाल्या, "फक्त स्वल्प जपून." विद्याधररावांनी त्याच दुपारी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. तीवरची धूळ त्यांनी स्वतःच्या धुतलेल्या बनियनने पुसली, त्यावरून घरात जे झालं ते इथे नको.

अशा बोटीचं इंजिन तिच्या पोटात असतं. तिथून एक लांब लोखंडी दांडा तळातून मागे पाण्यात निघतो, तोच शाफ्ट, आणि त्याच्या टोकाला पंखा. विद्याधररावांनी आधी इंजिन नुसतं चालू ठेवून पाहिलं. गुरगुरलं, पण शहाण्यासारखं. गिअर टाकला मात्र, बोटीला हुडहुडी भरली! म्हणजे इंजिन निर्दोष, गुन्हेगार त्याच्या मागे. बोट काठावर ओढून दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवली, तर पंख्याला नायलॉनची दोरी गुंडाळलेली आणि एका पात्याची कड खाल्लेली. दोरी कापली, पात्याची कड कानशीने घासून सारखी केली. शाफ्ट उपसून रिक्षात आडवा घातला आणि बोम्मसंद्र्याला बसवंतच्या वर्कशॉपमध्ये नेला. बसवंत निपाणीकडचा, विद्याधररावांना कारखान्यापासून 'सर' म्हणणारा. लेथवर फिरवून पाहिलं तर शाफ्टला बारीकसा बाक होता. दोघांनी मिळून तो हळूहळू दाबून काढला, आणि तेवढ्यात बसवंतच्या बायकोने पाठवलेली कांद्याची चटणी आणि भाकरीही दोघांनी मिळूनच संपवली.

परत येऊन शाफ्ट ज्यात फिरतो ते रबरी बेअरिंग नवं घातलं. शेवटी राहिलं मुख्य काम, जोडणीचं. इंजिनाच्या बाजूची एक चकती आणि शाफ्टच्या बाजूची एक चकती, दोन तळहात जुळवावेत तशा जुळायला हव्यात. इथे तर विद्याधररावांचा हात कुणी धरणार नव्हतं. चकत्यांमधल्या फटीत त्यांनी पोलादाची पातळ पट्टी वर घातली, खाली घातली, दोन्ही बाजूंना घातली, आणि चारी ठिकाणी ती सारखीच अडली तेव्हाच ते उठले. कारखान्यात असतं तर साहेबाने पाठ थोपटली असती. बोट पाण्यात सोडली आणि ते थेट प्रतिमाबाईंना घेऊन आले.

धक्क्यापासून हातभर गेले नसतील, तोच बोट पुन्हा थरथरायला लागली. पूर्वीइतकी नाही, पण बाकड्यावरून निघालेली कळ प्रतिमाबाईंच्या गुडघ्यात जाऊन पोचली. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"उतरवा मला."

"अगं, बेअरिंग नवीन आहे, जरा बसू दे त्याला—"

"बेअरिंग नवीन असेल, माझा गुडघा जुना आहे. उतरवा म्हणते ना! आणि या बोटीचं नाव परत काढलंत तर बघा."

घरी आल्यावर विद्याधररावांनी बोटीला शिव्या घातल्या, तिच्या पहिल्या मालकाला घातल्या, आणि रबर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. प्रतिमाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." हे विद्याधररावांना फार लागलं. बाकी काहीही म्हणा, पण जोडणी चुकली म्हणायचं? छे! दोन दिवस ते तळ्याकडच्या बाल्कनीत गेले नाहीत. बोट तशीच पाण्यात बांधलेली राहिली.

तिसऱ्या दिवशी गुडघ्याची तपासणी होती. प्रतिमाबाई एक्सरेच्या खोलीतून बाहेर आल्या त्या तणतणतच.

"उभं केलं हो मला! मी सांगत होते, झोपून काढा, दुखतं. तर नाही म्हणे. झोपल्यावर गुडघा चांगलाच दिसतो, वजन पडलं की खरं काय ते कळतं. एवढं दुखतंय हे मी सांगते ते खोटं का?"

विद्याधरराव एकदम उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"दुखतंय म्हणाले."

"ते नव्हे गं! वजन पडलं की?"

बायकोचं दुखणं 'ते नव्हे' करून टाकणाऱ्या नवऱ्याकडे प्रतिमाबाईंनी जसं बघायचं तसं बघितलं, पण त्यांचं तिकडे लक्ष कुठे होतं? त्यांना घरी सोडून, कपडेही न बदलता ते धक्क्यावर गेले. जोडणीचे बोल्ट सैल केले, चकत्या जराशा मागे घेतल्या आणि फटीत पट्टी घातली. खाली पट्टी शिरतच नव्हती. वर मात्र तिच्या दुप्पट जाडीची आरामात गेली.

ते बोटीतच फतकल मारून बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी जी जी यंत्रं जुळवली ती सिमेंटच्या पक्क्या पायावर. पाया हलत नाही हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं, कारण तो हलतच नसे. इथे बोट दोन ठोकळ्यांवर चढवली तेव्हा तिचं पोट एका तऱ्हेने वाकलेलं, आणि पाण्याने खालून सगळीकडून उचलून धरल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. माणूस फरशीवर झोपला काय आणि झोळीत झोपला काय, पाठ सारखीच राहील थोडीच? जमिनीवर केलेली बिनचूक जोडणी पाण्यात चूक होती. कोकणातल्या कुठल्याही नाखव्याने हे हसत सांगितलं असतं. सिमेंटवर वाढलेल्या इंजिनिअरलाच अशी चूक जमायची. त्यांना स्वतःचंच इतकं हसू आलं की काठावरचा बगळा उडाला. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अगं, अंगण खरंच वाकडं होतं!"

"सरी. दही संपलंय, येताना आणा."

आता जोडणी पाण्यातच करायची, आणि बोटीत रोज जेवढा भार असणार तेवढा ठेवूनच करायची. डिझेलची टाकी भरली. स्वतः ते इंजिनापाशी असणारच होते. राहिलं पुढचं बाकडं. संध्याकाळी दही मुकाट्याने ओट्यावर ठेवून त्यांनी विषय काढला.

"तुझं वजन किती गं?"

"का?"

"तेवढी वाळू पोत्यात भरून बाकड्यावर ठेवायचीय. अंदाजाने नाही चालणार, नेमकं हवं. मुकादमाला आकडा सांगायचाय."

"कुणाला?"

"मुकादमाला. गेटपाशी बांधकाम चाललंय ना, त्याच्या. तो तिथल्या काट्यावर मोजून भरून देईल."

प्रतिमाबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. गेटवर दूधवाला असतो, इस्त्रीवाला असतो, दोन्ही इमारतींच्या बायका असतात. एवढ्या वर्षांत जो आकडा नवऱ्याला कळू दिला नव्हता, तो पोत्यात भरून तळ्यापर्यंत वाजतगाजत जाणार!

"काही नको पोतं," त्या म्हणाल्या. "मीच बसते."

दुसऱ्या दिवशी जानेवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. जीवरक्षक जाकीट घालून प्रतिमाबाई धक्क्यावर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून बाकड्यावर सरकल्या, आणि मांडीवर अवरेकाईची पिशवी आणि एक ताटली घेतली. थंडीत इथे घरोघर या शेंगांचे ढीग पडतात, सोलून सोलून बोटांना त्यांचा वास लागतो.

"हलू नको हं," विद्याधरराव इंजिनाच्या खोक्यातून म्हणाले.

"शेंगा सोलायला हात हलणार."

"हात चालतील."

इंजिन चार पायांवर बसवलेलं असतं, आणि त्या पायांच्या नटांनी ते खालीवर करता येतं. मागचे दोन नट किंचित फिरवायचे, फट मोजायची. वरची जुळली की बाजूची बिघडायची. बाजूची जुळवली की वरची रुसायची. बोल्ट आवळले की पुन्हा सगळं इकडचं तिकडे. पण आज त्यांना राग येत नव्हता. शेंगा फुटल्याचा टचटच आवाज येत होता, आणि कितीतरी आठवड्यांनी प्रतिमाबाई बोलत होत्या. पलीकडच्या काठावर पाणकोंबड्या किती वाढल्या, बांधावरच्या शिरीषाची फांदी कुणी तोडली, धनलक्ष्मी कशी वेगळीच अवरेकाई आणते, बिनवासाची. विद्याधरराव खोक्यात डोकं घालून हुं हुं करत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. काम लवकर संपू नये असंही एकदा वाटून गेलं.

ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला पट्टी चारी ठिकाणी सारखी अडली. त्यांनी बोल्ट आवळून पुन्हा मोजलं. तरीही सारखीच.

"आता गिअर टाकतो. दुखलं तर लगेच सांग."

प्रतिमाबाईंनी एका हाताने बाकडं घट्ट धरलं आणि दुसऱ्याने गुडघा. बोट धक्क्यापासून निघाली. थोडी पुढे गेली, वेग घेतला, वळली. मांडीवरच्या ताटलीतले सोललेले दाणे जागचे हलले नाहीत. प्रतिमाबाईंनी बाकड्यावरचा हात सोडला, मग गुडघ्यावरचाही, आणि जाकिटावरून पदर सारखा केला.

"जमलं हो," त्या हळूच म्हणाल्या.

विद्याधररावांनी बाहीने डोळे टिपले. उगाच डिझेलच्या धुराला नावं ठेवली.

काठाकाठाने बोट चालली. प्रतिमाबाई बोटाने दाखवत होत्या. त्या तिथे वळणावर पेरूवाली बसते. त्या दगडावर मी दम खायला टेकायची. त्या पायऱ्यांशी एक म्हातारे कानडी काका भेटायचे, रोज विचारायचे, यजमान आले नाहीत का? मी सांगायची, पेपर वाचतायत.

विद्याधररावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरापासून चार पावलांवरचं तळं, आणि ते आज पहिल्यांदा त्याला फेरी घालत होते.

"मग काय म्हणायचे ते?"

"म्हणायचे, मोठा पेपर दिसतोय."

तळ्याला पुरती फेरी घालून बोट धक्क्याला लागली. त्यांनी इंजिन बंद केलं, दोर खुंट्याला अडकवला आणि तिला उतरवायला हात पुढे केला. प्रतिमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"का गं? दुखतंय का?"

"नाही."

"मग चल ना. झाली की तुझी फेरी."

"एक झाली," प्रतिमाबाई म्हणाल्या. "मी रोज दोन घालायची."

विद्याधरराव हात तसाच पुढे करून उभे राहिले. इतकी वर्षं ते एकच समजत होते. कधी विचारलंही नव्हतं.

"दोन?"

"दोन. पहिली शरीरासाठी. दुसरी सावकाश, घरी वाट बघून कुणीतरी मला न्यायला तळ्यावर येईल म्हणून."

 त्यांना वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं, आणि समोर बायको उन्हात हसत बसली होती म्हणून त्याहून जास्त बरंही वाटलं. त्यांनी दोर पुन्हा खुंट्यावरून काढला.

"ही सावकाश ना?"

"अगदी सावकाश," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतल्या मूठभर शेंगा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "घ्या, सोला. एका हाताने सुकाणू धरता येतं."