'अर्ज रद्द करा'वरची चौकट

सांगून कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याने आपलं डोकं तपासून घ्यावं. पण नळजोडणीच्या कचेरीत एका बाईने माउसवरचा हात सोमवार सकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत उचलला नाही.

तिला सगळे खिळा म्हणत. एकदा खुर्चीत बसली की उपटावी लागे. तिचा थोरला भाऊ, दादा, कचेरीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होता. बटणावर बाण टेकवला की जी पिवळी चौकट उमटते, तिच्यातला मदतीचा मजकूर तो लिहायचा. कचेरीतर्फे तो तपासायचं, दुरुस्त करायचं काम खिळ्याकडे होतं. आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. चौथ्या दिवशी खिळा कामावर हजर, डोळे कोरडे ठणठणीत, आणि साचलेले अर्ज उपसू लागली. रडू येईना, भूकही कळेना. चहा गार झालाय हेसुद्धा तिला दुसऱ्याने सांगावं लागे.

सोमवारी सूचना आली: गुरुवारी नवी आवृत्ती बसणार, जुन्या चौकटी पुसल्या जाणार. खिळ्याने बाण 'अर्ज रद्द करा' या बटणावर नेऊन ठेवला. चौकट उमटली: 'घाई करू नकोस गं. एकदा रद्द केलं की परत येत नाही. आधी घोटभर पाणी पी.'

मदतीचा मजकूर वाचतो कोण? साहेबसुद्धा नाही. म्हणूनच दादाने माझ्यासाठी तिथे लिहून ठेवलं, असं तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सपाट आवाजात सांगितलं. हात हलला की चौकट जाते, तेव्हा हात हलवायचा नाही. बाई म्हणाल्या, अगं, फोटो काढून ठेव. फोटो दादाचे ढीगभर आहेत, खिळा म्हणाली, आणि डाव्या हाताने टाईप करू लागली.

मंगळवारी हाताला मुंग्या आल्या. बुधवारी खऱ्याही आल्या, आणि मनगटावरून रांगेने साखरेच्या डब्याकडे जाऊ लागल्या. कोळ्याने कोपरापासून टेबलापर्यंत जाळं विणलं, त्यात शिपायाचा चष्मा अडकला. साहेब दोनदा खाकरून गेले. तिसऱ्यांदा त्या हातावर फायली रचून गेले, म्हणजे जागा तरी वापरात येईल. खिळ्याला यातलं काही जाणवलं नाही. तसं आठ महिन्यांत तिला काहीच जाणवलं नव्हतं.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. टक्कल पडलेला, हळू बोलणारा. दादाच्या हाताखाली त्याने दहा वर्षं काढली होती. खिळ्याने त्याला सगळं सांगितलं आणि एकच मागितलं: ही एवढी चौकट नव्या आवृत्तीत न्या. त्याचेच डोळे भरून आले. नेतो ताई, म्हणाला. हात उचला आता, जुना मजकूर माझ्याकडच्या यादीत असतोच.

तिने हात उचलला नाही. त्याने लॅपटॉपवर यादी उघडली. एकेका ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं, तारीख होती. त्याने 'अर्ज रद्द करा'ची ओळ शोधली आणि पुढची तारीख बोट ठेवून दोनदा वाचली.

"ताई," तो म्हणाला, "दादांनी इथे 'अर्ज रद्द करण्यासाठी क्लिक करा' एवढंच लिहिलं होतं. हे बाकीचं ते गेल्यावर पाचव्या दिवशी तुमच्या लॉगिनवरून आलंय."