सव्वापाच फुटी बाक

कर्जतच्या आमच्या मंडळीत मयताच्या पेट्या करणारा मी एकटाच. मंडळी म्हणजे ख्रिस्ती माणसांची तेरा-चौदा घरं, बहुतेक रेल्वेतली. कुणी प्रभूकडे गेलं की निरोप आधी माझ्याकडे येतो, मग पाळकांकडे. मेलेल्या माणसाचं माप मी घेत नाही. आजाऱ्यापाशी प्रार्थनेला बसलो की मी डोळे मिटायच्या आत मला त्याची लांबी कळून जाते. वाईट खोड आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. लडकू पॉइंट्समन तापाने पडला होता तेव्हा मला बघून म्हणाला होता, "धाकलू, तू दाराभायेरूनच प्रार्थना कर रं."

चौसष्ट सालच्या नाताळाआधी माझ्या बायकोच्या, पारूच्या, पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी न्या म्हणाले.

घरी आणली. मंडळी रोज संध्याकाळी यायची, गाणी म्हणायची, आमचे पाळक मालोजीराव तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. मी म्हणायचो, देवा, हिला बरी कर. रोज तेच. पारू मात्र एवढंच म्हणायची, "देवा, तुला बरं दिसंल तसं कर." मला राग यायचा. मागायचं तर धड मागावं. सुताराकडे येऊन कुणी म्हणतं का, तुला वाटेल ते करून दे?

पुढे रागही यायचा थांबला. काहीच वाटेनासं झालं. तिला पेज भरवायची, अंग पुसायचं, कामावर जायचं. रंधा चालायचा, हात चालायचे, मी कुठे होतो कोण जाणे.

त्यातच मी एक काम करून बसलो. फेब्रुवारीत खोपोलीच्या वखारीतून शिवणीच्या लाकडाच्या सहा फळ्या आणल्या आणि माळ्यावर सुकत टाकल्या. ओल्या लाकडाची पेटी वाकते, झाकण बसत नाही. इतरांच्या पेट्या मी आंब्याच्या कच्च्या फळ्यांच्या ठोकल्यात. पारूची तशी नको होती. तोंडाने बरी कर म्हणत होतो आणि डोक्यावर फळ्या सुकवत होतो. मंडळीत कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मंडळीला नाही कळलं, पारूला कळलं. खाटेवर पडून ती दिवसभर माळाच बघायची.

"अवो, त्या फळ्या कसल्या?"

"बाकाच्या," मी ठोकून दिलं. "प्रार्थनाघरात म्हाताऱ्या खाली बसत्यात ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग करा की."

"करू गं. घाई काय हाय?"

"मला हाय."

अडकलो. फळ्या खाली काढाव्या लागल्या. दारातच काम मांडलं, म्हणजे तिला खाटेवरून दिसेल.

"किती लांब करताय?" तिने विचारलं.

"सात फूट. भिंत मोठी हाय."

"सव्वापाच करा. तीन बायका बसल्या म्हंजे झालं. पाठ उंच करा, दोन फळ्यांची. खाली गाण्याच्या पुस्तकांना एक फळी टाका, म्होरं तेवढीच रुंद एक पट्टी. आन खिळे मारू नका, स्क्रू लावा."

"बाकाला कोण स्क्रू लावतं?"

"जागा भाड्याची हाय. मालकानं भायेर काढलं तं खोलून नेता येईल."

आजारी माणसाची लहर म्हणून मी सगळं ऐकलं. फळ्यांवर करवत घातली तेव्हा, खरं सांगतो, जरा हलकं वाटलं. आता पेटीला लाकूडच उरलं नाही, म्हणजे देवाला हिला बरं करावंच लागेल, असं काहीतरी डोक्यात होतं. त्याला विश्वास म्हणत असतील तर तेवढाच माझ्यापाशी होता.

ईस्टरला बाक प्रार्थनाघरात गेलं. प्रार्थनाघर म्हणजे भातगिरणीच्या मागची खोली. पारूला खुर्चीत घालून मी आणि लडकूने उचलून नेलं आणि बाकावर बसवलं. मालोजीराव म्हणाले, "धाकलू, हे बाक आहे की किल्ला?" सगळे हसले. सगळ्यात जास्त पारू हसली, पोट धरून.

ऑगस्टात ती गेली. दुपारी, पेज अर्धी ताटलीत असताना. मी ताटली धुतली, पालथी घातली आणि मग लडकूला हाक मारली. डोळ्यांत पाणी नव्हतं. लडकू सायकलवर वखारीत जाऊन आला. पावसात सगळं लाकूड गच्च भिजलेलं. पेटी सकाळी हवी होती.

मालोजीराव हळूच म्हणाले, "आपलं बाक आहे, धाकलू. देव रागावणार नाही."

करवत आणि पेचकस घेऊन मी प्रार्थनाघरात गेलो. लडकू बरोबर होता. स्क्रू एकेक करून सहज निघाले. बसायच्या दोन फळ्या खाली मांडल्या, तो तळ झाला. पाठीच्या दोन घेतल्या, झाकण झालं. पुस्तकांची फळी आणि पुढची पट्टी, दोन बाजू झाल्या. फळीच्या तुकड्यांचे दोन रुंद पाय होते ते डोक्याशी आणि पायाशी बसले. पारू पावणेपाच फूट. तिला पेटी सव्वापाच फुटांची लागते. मी करवत हातात धरून उभा होतो आणि कापायला काही नव्हतं.

"आधीच मापात केल्यावानी हाय रं," लडकू म्हणाला.

"तिनंच करून घेतलंय," मी म्हणालो.

साऱ्या गावाची लांबी मला नजरेने कळते, आणि माझ्याच दारात तिने आपलं माप मला सांगितलं तेव्हा मला कळलं नाही. फळ्या कसल्या आहेत ते तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. जगली असती तर ते बाक राहिलं असतं. नाही जगली, तर पेटी. देवाला बरं दिसेल तसं. आणि मी म्हणत होतो, हिला धड मागताही येत नाही. मी तिथेच सतरंजीवर बसलो आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा रडलो. लडकू खाली वाकून स्क्रू गोळा करत राहिला.

पुढच्या वर्षी मी प्रार्थनाघराला दुसरं बाक केलं, शिवणीचंच. म्हाताऱ्या बसतात, कडेला मीही बसतो. मालोजीराव म्हणाले, भिंतीला अजून जागा होती, मोठं करायचं होतंस. मी सव्वापाच फुटांचा. म्हटलं, पावणेसहा फूट पुरे. खिळा एकही मारलेला नाही.