मुक्या घराचा अल्बम

दुपारच्या शांततेत कुकरची शिट्टी झाली. मी ती रेकॉर्ड केली, आणि तेव्हापासून आमचा कुकर मुका आहे.

सासूबाईंच्या भाताचा गोळा झाला. "आता शिट्ट्या मोजायच्या कशा? नाडी बघून?"

माझी लेक शाल्मली झोपली की मी बीट्स करते. माझा पहिला अल्बम. हिप-हॉप, पण गाणारं कुणी नाही, पाठीशी रेकॉर्ड कंपनी नाही. ती शिट्टी उलटी करून ठोक्यावर बसवली तेव्हा लॅपटॉपसमोर एकटीच हसले.

मग सासूबाईंच्या बांगड्या घेतल्या. त्या हातात तशाच राहिल्या, फक्त वाजेनाशा झाल्या. खिडकीतून शेजारच्या कारखान्यातले माग घेतले. ते अजून चालतात, पण धागा तुटलेला कामगारांना ऐकू येत नाही, म्हणून कापड भोकं घेऊनच बाहेर पडतं. विश्वजितच्या चपला घेतल्या. आता नवरा एकदम पाठीमागेच उभा असतो.

"परत ठेव सगळं," तो म्हणाला.

"ठेवता येत नाही. आलं असतं तरी ठेवलं नसतं."

"गाणारं कुणी नाही, मग लोकांनी ऐकायचं तरी काय?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा कुकर."

त्यांनी उरलेली भांडी गोधडीत बांधली. नळाला फडकं गुंडाळलं, दारांना उशा लावल्या. माझा शेवटचा ट्रॅक रिकामा होता आणि घरात घेण्यासारखं एकच उरलं होतं: शाल्मलीचं झोपेतलं हसू.

सासूबाई तिच्या उशाशी जाऊन बसल्या. "पोरीचं घेशील तर बघ."

"राहू दे की अल्बम अर्धा," विश्वजित म्हणाला.

"नाही राहणार."

माइकचा लाल दिवा लागला होता. शाल्मली आता हसणार, हे तिच्या गालावरून कळलं. मी माइक माझ्याकडे वळवला आणि तिला निजवताना गुणगुणते ते गुणगुणले, अगदी शेवटपर्यंत. खाली ठोका टाकला. अल्बमवर माझं नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट, आणि दिला सोडून जगात.

"झालं एकदाचं?" सासूबाईंनी विचारलं.

मी हो म्हणाले. ओठ हलले, तेवढंच.

स्पीकरमधून माझं गुणगुणणं येत होतं. शाल्मली उठली. माझ्या शेजारून तशीच पुढे गेली, स्पीकरला गाल लावला आणि मी तिला थोपटते तसं त्याला थोपटू लागली.

"आई, आत तुला झोप येत नाही का गं?"