चौदावा सोमवार

नीरजा पोह्यांची बशी घेऊन देवघराच्या दारात आली, तेव्हा कौशल्या चौरंगाभोवती रांगोळी घालत होती. बशी दिसताच तिनं लेकीला हटकलं.

"का करून राहिली वं? आज उपास हाय ना आपला. गुरुजी नऊले येतेत. संकल्पात दोघींचं नाव हाय."

पोर परवाच अमेरिकेतल्या बफेलोहून प्लांटच्या सेक्टर सहातल्या क्वार्टरमध्ये आली होती. सप्टेंबरात जाताना कौशल्येनं तिच्या बॅगेत सोळा सोमवारांचा फराळ भरून दिला होता. राजगिऱ्याचे लाडू, भगर, शिंगाड्याचं पीठ. माय-लेकींनी दोन देशांत एकच व्रत धरलं होतं. आज उद्यापन.

"आई, माझं नाव नको घेऊ."

"कावून?"

नीरजा खाली बसली. "तो बर्फ पडला ना, तेव्हा दरवाजाच उघडेना. खिडकी अर्धी बुजली. चार दिवस मी अन् माझी रूममेट टीना घरात बंद. लाईट गेली, फोन बंद. ब्रेड तर पहिल्याच दिवशी खतम."

"मंग खाल्लं काय तुमी?"

तीन आठवडे हा प्रश्न कौशल्येच्या मनात होता. फोनवर पोर नुसतं 'ठीक आहे' म्हणायची.

"तुझा फराळ. गॅस काडीनं पेटत होता. टीना तर बोलली, तेरी मम्मी भगवान है."

कौशल्या हसली. मग चिमटीतली रांगोळी तशीच राहिली.

"तवा चौदावा सोमवार होता. तेरा सोमवार खाऊन एवढं उरलं कसं?"

नीरजानं बशीकडे पाहिलं. "पाकिटं फोडलीच नव्हती. एकबी उपास केला नाही मी. हर सोमवारी तुले खोटं सांगितलं."

दूर प्लांटचा भोंगा झाला. कौशल्येनं पदराला बोटं पुसली आणि लेकीचं मनगट हातात घेतलं, किती बारीक झालंय ते पाहावं तसं. बराच वेळ सोडलं नाही.

"म्हणजे उपाशी नव्हती तू."

"नाही ना. चारही दिवस पोटभर."

"त्या सोमवारी बी फराळच?"

"दुसरं होतंच काय घरात?"

फाटक वाजलं. गुरुजी आले, आसनावर टेकले, पळीत पाणी घेत म्हणाले, "संकल्प दोघींचा ना?"

"माझाच सांगा, गुरुजी," कौशल्या हळू आवाजात म्हणाली. "हिचा एकच झाला. पंधरा राहिले."

नीरजा उठली. बशीतले पोहे तिनं परत कढईत घातले आणि वर झाकण ठेवलं.