बाकीची बदली

"पहिले नऊ महिने व्याज शून्य, मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली.

"आणि दहाव्या महिन्यापासून?" ताईंनी विचारलं.

फोन त्यांनी खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता. एका हातात खालच्या जबड्याची कवळी होती, दुसऱ्यात घासायचं यंत्र. बोलणं ऐकू यावं म्हणून यंत्र बंद केलेलं होतं.

"दहाव्यापासून नेहमीचा दर लागू होतो."

"नेहमीचा म्हणजे किती, ते सांग की. सांगितलंस म्हणून मी काही तुला चावणार नाही."

"चावतील कशाने? दात सगळे टेबलावर पडलेत," समोरून मेणवाली म्हणाली आणि स्वतःच हसली.

मेणवाली मेणात दात बसवायची आणि ताई तयार कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, प्लास्टरचे साचे व्हायचे आणि कुणाकुणाचं हसू डब्यात भरून परत जायचं. कवळी हातात घेतली की माणूस कुठल्या बाजूने चावतो ते ताईंना कळायचं. माणूस मात्र कधी दिसायचा नाही. या कामात त्यांची वीस-एक वर्षं गेली होती.

फोनवरच्या मुलीने दर सांगितला. ताईंनी तो मनातल्या मनात बाराने गुणला.

हे कर्ज त्यांचं नव्हतं आणि होतंही. ताईंच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. आसपास सगळे त्यांना फोटोवाले म्हणायचे, ताई 'हे' म्हणायच्या. लोकांच्या हातात चांगले फोन आले तसं गिऱ्हाईक आटलं. फोटोवाल्यांना वाटलं, सामान नवं घेतलं की माणसं परत येतील. नवे लाईट, नवा प्रिंटर, सगळं क्रेडिट कार्डावर आलं. कार्ड ताईंच्या नावावर, कारण पगार ताईंचा. त्यावरच एक जोडकार्ड फोटोवाल्यांच्या नावाने निघालं. माणसं काही परत आली नाहीत. स्टुडिओचं शटर उतरलं, सामान घरी आलं. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला येतच राहिलं.

सुरुवातीला ताई त्यावर छापलेली कमीत कमी रक्कम भरायच्या. वर्षभर भरली आणि एके दिवशी बघितलं तर बाकी जिथल्या तिथे. भरलेलं सगळं व्याजाने खाल्लं होतं. तेव्हा मेणवालीनेच त्यांना मार्ग दाखवला. दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्यायचं आणि या कार्डावरची सगळी बाकी उचलून तिकडे टाकायची. नवी बँक हौसेने काही महिने व्याज घेत नाही. तेवढ्यात फेडता येईल तेवढं फेडायचं.

"आणि राहिलं तर?"

"मग तिसरी बँक. भाड्याचं घर बदलतात ना ताई, तसंच. अकरा महिने झाले की उचलायचं बिऱ्हाड."

ताईंनी तसं केलं. बदलीची फी भरली, तारखेच्या दोन दिवस आधी हप्ता भरायची सवय लावली. एक हप्ता चुकला की सवलत जाते, हे त्यांनी बारीक अक्षरांत वाचलं होतं. नव्या कार्डावर एका पैशाची खरेदी केली नाही. बाकी खरोखर उतरायला लागली. पण सवलतीची मुदत संपत आली तेव्हा अर्ध्याहून थोडी अधिक शिल्लक होतीच. म्हणून हा फोन.

"एक मिनिट हं, मॅडम," मुलगी म्हणाली. पलीकडे टकटक ऐकू आली. "तुमच्या नावावर दोन कार्डांची बाकी दिसतेय."

"एकाची. पहिलं तर मी रिकामं केलंय."

"नाही मॅडम, त्यावरही आहे. एवढी एकूण बाकी असेल तर सध्या आम्हाला नाही देता येणार. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा."

तिने आभार मानले, दिवस चांगला जावो म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी पहिल्या बँकेला फोन लावला. जोडकार्डावर खरेदी झाली होती. चार-पाच वेळा, सगळी एकाच ठिकाणी, फोटो छापण्याच्या कारखान्यात. त्याची बिलं फोटोवाल्यांच्या मोबाईलवर जात होती आणि कमीत कमी रक्कम वेळेवर भरलीही जात होती.

"भरताहेत ना वेळेवर? मग झालं तर," मेणवाली म्हणाली.

"तेच तर झालं नाही," ताई म्हणाल्या आणि डबा न उघडता परत पिशवीत ठेवला.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा फोटोवाले स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. स्टुडिओ बंद झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. गॅलरीत लाईटच्या स्टँडवर कपडे वाळत होते.

ताईंनी चपला काढल्या आणि तिथूनच विचारलं, "अहो, जुनं कार्ड तुम्ही वापरलंत?"

फोटोवाल्यांनी मान वर केली नाही. "हो."

"कशाला?"

"अल्बम छापले."

"कसले अल्बम? स्टुडिओ बंद आहे आपला."

"बंद व्हायच्या आधीची लग्नं होती. लोकांनी पैसे पूर्ण दिले होते." त्यांनी देठांचा ढीग एका बाजूला सारला. "ते मी दुकानाच्या भाड्यात घातले. लोक आधी फोन करायचे. मग दमले, करेनासे झाले. मलाही बरंच वाटलं. मग ती एक मुलगी आली, इथे, दारात. तू कामावर होतीस. म्हणाली, पैसे परत नकोत, अल्बम तेवढा द्या. तिचे वडील गेले मध्यंतरी. तिच्या लग्नात खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते बघ, उंचसे."

"मला काय माहीत कोण उंच ते!"

"हं. तर तिचा एक छापायला गेलो. छापताना वाटलं, बाकीच्यांनी काय आपलं घोडं मारलंय?"

ताईंनी पिशवी खाली ठेवली. "आणि हप्ते कशातून भरलेत?"

"लाईट विकले."

"मित्राला वापरायला दिलेत म्हणाला होतात."

"मित्रानेच घेतले विकत."

"मला सांगता आलं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" ताईंचा आवाज चढला. "दोन वर्षं मी बाहेर एक चहा प्यायलेली नाही. कुणी बिस्किट पुढे केलं तर पोट भरलंय म्हणून सांगते. आणि तुम्ही मागच्या दाराने अल्बम वाटत बसलात?"

निवडलेली भाजी फोटोवाल्यांनी धुवायला घेतली. खूप वेळ धूत राहिले.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. गॅस संपत आलाय. दूधवाल्याला सांगितलंय. ताईंना राग धड कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. नवऱ्याने पैसे उधळले असते तर सोपं होतं. कुणालाही सांगून मन हलकं करता आलं असतं. मेणवालीला सांगून बघितलं तर ती म्हणाली, "अगंबाई, किती सरळ माणूस!" ताईंनी यंत्र सुरू केलं आणि पुढचं काही ऐकलं नाही.

रविवारी झाडलोट करताना कपाटाच्या वर त्यांना एक जाड खोका सापडला. आत अल्बम होता, कोरा करकरीत, कागदात गुंडाळलेला.

"हा का राहिला?"

"घेऊन गेलो होतो," फोटोवाले दारातून म्हणाले. "ते दोघं वेगळे झाले. तिने दार उघडलं, अल्बम बघितला आणि म्हणाली, राहू द्या तुमच्याकडेच. त्याच्याकडे गेलो तर तो म्हणाला, तिला द्या."

"म्हणजे ज्यांना नको होता त्यांचंही व्याज आपणच भरतोय?"

"हो. तसंच झालं खरं."

ताई खोक्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. फोटोवाले चपापून बघत राहिले, मग तेही हसले, पण जपून, परवानगी घेतल्यासारखे. हसू ओसरल्यावर ताईंनी अल्बम मांडीवर उघडला. नवरा-नवरीचे फोटो होतेच. पण ताई मधल्या पानांवर थांबल्या. एक म्हातारी पर्समधून आरसा काढून दात बघत होती. कवळी होती, वरची, थोडी सैल. दोन माणसं जेवणाच्या रांगेत भांडत होती आणि मागे एक मुलगी खांबाला टेकून उभी उभी झोपली होती. आपला नवरा लग्नात हे सगळं बघत असतो, हे ताईंना ठाऊक नव्हतं.

"चांगले आलेत," त्या म्हणाल्या.

"उजेड बरा होता त्या दिवशी," फोटोवाले म्हणाले.

मुदत संपली आणि दुसऱ्या कार्डावरही पूर्ण व्याज सुरू झालं. तिसऱ्या बँकेने नाही म्हटलंच होतं, मग चौथीचा निरोप आला. चौथी बँक द्यायला तयार होती. फी जास्त आणि मुदत जेमतेम सहा महिने.

"घ्या की," मेणवाली म्हणाली. "सहा तर सहा. तेवढंच डोकं शांत."

"आणि सातव्या महिन्यात?"

"सातव्याचं सातव्यात बघू."

"नको बाई. आता या कर्जाला माझ्याच घरात मरू दे."

कामगारांची एक पतपेढी होती. व्याज शून्य नव्हतं, पण कार्डाच्या निम्म्याहून कमी होतं आणि मुदतीनंतर वाढणारं नव्हतं. पाच वर्षं दर महिन्याला सारखा हप्ता. तिथल्या कारकुनाने ताईंचा पगार बघितला आणि मान हलवली. एकटीच्या पगारावर एवढं बसत नव्हतं. घरातलं आणखी कुणी कमावतं असलं आणि जामीन राहिलं तर बघू, म्हणाला.

ताईंनी हे घरी येऊन सांगितलं. फोटोवाल्यांनी ऐकून घेतलं. कॅमेरा विकायला म्हणून ते दोन ठिकाणी जाऊन आले, पण त्याला कुणी भाव दिला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ते ताईंच्या आधी आवरून तयार होते. अंगात लाल रंगाचा सदरा होता आणि खिशावर झेरॉक्सच्या एका दुकानाचं नाव.

"ओळखपत्राचे फोटो काढायचे," ते म्हणाले. "मालक पोरगेलासा आहे. काका म्हणतो. रंग जरा भडकच आहे सदऱ्याचा."

"शोभतोय," ताई म्हणाल्या. तो शोभत नव्हता.

पगाराच्या दोन पावत्या हातात आल्यावर ताईंनी पतपेढीचा अर्ज आणला. त्यावर कर्जदार आणि जामीनदार, दोघांचे फोटो लागणार होते. कामावरून सुटल्यावर त्या सरळ दुकानात गेल्या. प्रिंटची यंत्रं घरघरत होती आणि कोपऱ्यात पांढऱ्या पडद्यापुढे एक स्टूल होतं. चार-पाच माणसं रांगेत होती. ताई रांगेत उभ्या राहिल्या. फोटोवाल्यांनी त्यांना बघितलं, पण पुढचं गिऱ्हाईक सोडलं नाही.

त्यांची पाळी आली. मालक शेजारीच गल्ल्यावर बसला होता.

"बसा," फोटोवाले म्हणाले.

ताई बसल्या.

"डावा खांदा किंचित खाली. हनुवटी... हं. डोळे मिटू नका, मॅडम."

कॅमेरा वाजला. फोटोवाल्यांनी पडद्यावर बघितलं. मग उठून बाजूचा दिवा हातभर मागे सरकवला.

"अजून एक घेऊ."

"काका, ओळखपत्राला एक बास होतो," मालक म्हणाला. "लाईन लागलीय."

"हो, झालंच," फोटोवाले म्हणाले आणि आणखी दोन काढले. मग फोटो छापले, कडा कापल्या, पाकिटात घातले. ताईंनी पैसे दिले. त्यांनी पावती फाडून दिली.

पतपेढीत कारकुनाने अर्ज चाळला. आधी जामीनदाराचा फोटो बघितला. तो मालकाने घाईत काढला होता. मान तिरकी, एक कान कापलेला.

"असा कसा आलाय?"

"फोटोग्राफर आहेत ते," ताई म्हणाल्या. "स्वतःचा काढता येत नाही."

कारकुनाला ते नीटसं कळलं नाही. त्याने पान उलटलं आणि ताईंच्या फोटोपाशी थांबला. फोटोकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"हा मात्र छान आलाय," तो म्हणाला. "कुठे काढलात?"

ताईंनी दुकानाचं नाव सांगितलं. त्याने मान डोलावली, अर्ज टेबलावर सपाट केला आणि फोटो बदलता येऊ नये म्हणून मारतात तसा शिक्का दाबून मारला, अर्धा कागदावर, अर्धा ताईंच्या गालावर.